दोन-तृतीयांश, पण कशाचे?

आपल्या मासिकांत बियाणें, खतें, रोग आणि बाजारभाव यांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें व तें योग्यच आहे. परंतु शेतकऱ्याचें नफानुकसान केवळ शेतांत ठरत नाहीं. तें ग्रामसभेंत ठरतें, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेंत ठरतें, पाणीवापर संस्थेच्या बैठकींत ठरतें. तेथें हात वर होतात, मतें मोजलीं जातात आणि 'ठराव बहुमतानें मंजूर' असें एक वाक्य इतिवृत्ताच्या पुस्तकांत पडतें. हें बहुमत कशाचें, असा प्रश्न विचारणारा शेतकरी मला साऱ्या नोकरींत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच भेटला. मी महसूल खात्यांतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालों; कायद्याचा पंडित नव्हे. पण सभांचीं इतिवृत्तें लिहितां लिहितां जें कांहीं ध्यानांत आलें, तें शेतकरी बंधूंपुढें ठेवावें एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहें.

प्रथम एक घडलेली हकीगत सांगतों. गांवाचें नांव लिहीत नाहीं, कारण त्यांतील मंडळी हयात आहेत आणि एकमेकांच्या बांधाला बांध लावून शेती करतात. सरपंच सदस्यांतून निवडला जात असे त्या काळांतील, म्हणजे २०१७ पूर्वींची ही गोष्ट. पंचायत सात सदस्यांची होती. सरपंचाविरुद्ध अविश्वासाचा प्रस्ताव आला, तहसीलदारसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं विशेष सभा भरली आणि त्यांच्या शेजारीं कागद घेऊन मी बसलों. सातांपैकीं सहा सदस्य हजर होते. प्रस्तावाच्या बाजूनें चार हात वर झाले, विरुद्ध दोन. त्या दोहोंत एक खुद्द सरपंचांचा. चार विरुद्ध दोन, म्हणजे अगदीं दुप्पट! बाहेर गुलाल तयार होता, हलगीवाला बोलावून ठेविला होता. साहेबांनीं कायद्याचें पुस्तक पुन्हां एकवार उघडून पाहिलें आणि निकाल सांगितला कीं, प्रस्ताव फेटाळला गेला आहे.

मंडळी मजवर तुटून पडली. चार मोठे कीं दोन मोठे, हा त्यांचा सवाल. आतां १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचें कलम ३५ त्या वेळीं असें सांगत होतें कीं, असा प्रस्ताव मंजूर होण्यास, सभेंत बसण्याचा व मत देण्याचा हक्क असलेल्या एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांशांहून कमी नाहींत इतकीं मतें पडलीं पाहिजेत. 'एकूण' हा शब्द येथें साऱ्या कलमाचा कणा आहे. सातांचे दोन-तृतीयांश म्हणजे चार पूर्णांक दोन-तृतीयांश. मनुष्य अपूर्णांकांत मिळत नाहीं, आणि चार हे त्याहून कमीच. म्हणून पांच मतें हवीं होतीं.

पांचवें मत कोठें होतें? तें त्या दिवशीं लासलगांवच्या बाजारांत होतें. सातवे सदस्य सकाळींच कांदा भरून निघून गेले होते. पुढें आठवड्यानें ते कचेरींत आले तेव्हां मला म्हणाले, "भाऊसाहेब, दोन्हीकडे माझी सोयरीक. म्हटलं, आपण कुणाच्याच बाजूला नको. म्हणून गाडी जोडून निघून गेलों." माणूस सरळ होता व खरेंच सांगत होता. पण त्या दिवशींच्या नियमाप्रमाणें त्यांची रिकामी खुर्ची सरपंचांच्या बाजूनें मोजली गेली. घरीं राहून तटस्थ राहतां येतें, हा त्यांचा समज होता, आणि आपल्यांपैकीं बहुतेकांचा तोच आहे.

मराठी शाळेंत गुरुजींनीं अपूर्णांक शिकवितांना अंश वर व छेद खालीं लिहावयास शिकविलें. सभेंत भांडणारे लोक सारें लक्ष अंशाकडे देतात: अर्धे हवे, दोन-तृतीयांश हवे, तीन-चतुर्थांश हवे. छेदाकडे कोणी पाहत नाहीं. छेद कधीं यादींतील सर्व सभासदांचा असतो, कधीं सभेस हजर असलेल्यांचा, आणि कधीं हजर राहून प्रत्यक्ष मत देणाऱ्यांचाच. पहिल्या प्रकारांत जो आला नाहीं तो 'नाहीं' म्हणाला असें धरलें जातें. दुसऱ्यांत न येणारा हिशेबांतून गळतो, परंतु येऊन गप्प बसणारा विरोधकांत जमा होतो. तिसऱ्यांत न येणारा व गप्प बसणारा दोघेहि नाहींतच असें समजून उरलेल्यांचा निर्णय सर्वांवर लागू होतो. तेंच गांव, तींच माणसें, तेच हात. छेद बदलला कीं निकाल बदलतो.

याचें सर्वांत मोठें उदाहरण आपण सर्वांनीं दूरदर्शनवर पाहिलें आहे. १७ एप्रिल १९९९ रोजीं लोकसभेंत वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० मतांनीं फेटाळला गेला व देशाचें सरकार एका मतानें पडलें. हीं २७० मतें त्या वेळच्या एकूण सभासदसंख्येच्या निम्म्याहूनहि कमी होतीं. पण तेथें छेद हजर राहून मत देणाऱ्यांचा होता. आमच्या पंचायतीचा नियम तेथें लावला असता तर सरकार पाडण्यास साडेतीनशेंहून अधिक मतें लागलीं असतीं. म्हणजे पंतप्रधानांना हलविण्यापेक्षां सात सदस्यांच्या गांवचा सरपंच हलविणें कठीण! प्रथम ऐकतांना हें हास्यास्पद वाटतें. मला मात्र त्यांत शहाणपण दिसतें. दिल्लीचें सरकार पडलें तर चोवीस तास राजकारण करणारी माणसें दुसरें उभें करतात. गांवांत सरपंच पडला तर दोन वर्षें पाणीपुरवठ्याचें टाकें अर्धवट राहतें आणि दोन वाड्या एकमेकांच्या लग्नाला जात नाहींत.

स्त्रियांसाठीं राखीव पदावरील महिला सरपंचाबाबत याच कलमांत तीन-चतुर्थांशांची अट घालण्यांत आली. सात सदस्यांत ती सहा होते, अकरांत नऊ, पंधरांत बारा. सातांच्या पंचायतींत त्या बाईंस स्वतःखेरीज एकच खरा सोबती असला तरी पुरे. या अटीवर पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. ज्यांनीं बाईंना सहीपुरतें खुर्चीवर बसविलें आणि त्यांनीं सही नाकारतांच तिसऱ्या महिन्यांत अविश्वासाची नोटीस आणली, अशीं प्रकरणें ज्याच्या टेबलावरून गेलीं आहेत, तो नाक मुरडणार नाहीं. सरपंचाची थेट निवड २०१७ सालीं आली, २०२० सालीं गेली व २०२२ सालीं पुन्हां आली. थेट निवडलेल्या सरपंचास काढण्यास सदस्यांच्या तीन-चतुर्थांश मतांवर ग्रामसभेनें गुप्त मतदानानें मान्यता द्यावी लागते. ज्यांनीं बसविलें त्यांसच उठविण्याचा शेवटचा शब्द असावा, हें तत्त्व मला पटतें.

आतां उलट बाजूचा अनुभव सांगतों, आणि यांत दोष माझाहि आहे. मी ज्या सोसायटीचा सभासद आहें तिच्या सभेची नोटीस दर वर्षीं येते. तिच्या तळाशीं बारीक अक्षरांत छापलेलें असतें कीं, गणपूर्ति, म्हणजे आपल्या बोलण्यांतील कोरम, न झाल्यास सभा तहकूब करून अर्ध्या तासानें त्याच जागीं घेतली जाईल व त्या सभेस गणपूर्तीचें बंधन राहणार नाहीं. अशी ओळ महाराष्ट्रांतील असंख्य संस्थांच्या नोटिशींवर असते. कागद पाहतांच ती डोळ्यांना दिसेनाशी होते इतकी सवयीची. एका वर्षीं सोसायटीच्या जुन्या गोदामाची रस्त्यालगतची जागा विकण्याचा विषय पत्रिकेवर होता. द्राक्षबागेच्या छाटणीचे दिवस. मी मळ्यांतच राहिलों. आठशेंहून अधिक सभासदांच्या त्या संस्थेंत पहिल्या वेळेस कोरम झाला नाहीं, अर्ध्या तासानें सत्तावीसजण बसले आणि ठराव १९ विरुद्ध ८ असा मंजूर झाला. दोन-तृतीयांशांहून अधिक बहुमत! वर्तमानपत्रांत आलें असतें तर 'प्रचंड बहुमतानें' असें आलें असतें. सर्व सभासदांच्या हिशेबानें तें शेंकडा अडीचहि होत नाहीं. पुढें मीं तक्रार केली तेव्हां मला विचारण्यांत आलें कीं, आपण सभेस कां आलां नाहींत? या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें, आजहि नाहीं.

ध्यानांत घ्यावें कीं, येथें माझी गैरहजेरी लासलगांवास गेलेल्या त्या सदस्याच्या गैरहजेरीच्या अगदीं उलट मोजली गेली. त्यांची रिकामी खुर्ची ठरावाच्या आड आली. माझ्या रिकाम्या खुर्चीवरून ठराव चालत गेला.

सहकारी कायद्यांतहि मोठ्या विषयांस अंश मोठा केला आहे, छेद मात्र तसाच ठेविला आहे. १९६० च्या अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणें एक संस्था दुसरींत विलीन करणें किंवा तिचे भाग पाडणें यास विशेष सभेंत दोन-तृतीयांश बहुमत लागतें. परंतु तें हजर राहून मत देणाऱ्यांचें. संस्था मोठी, सभा लहान आणि दिवस कामाचे, एवढें साधलें कीं हे दोन-तृतीयांश गोळा करणें कांहीं कठीण नाहीं. ग्रामसभेचा कोरम एकूण मतदारांच्या शेंकडा १५ किंवा १००, यांपैकीं जी संख्या लहान असेल ती. सहाशें मतदारांच्या वाडीस नव्वद माणसें लागतात आणि तीन हजार मतदारांच्या निफाडकडील मोठ्या गांवास शंभर! गांव पांचपट वाढलें, कोरम दहा माणसांनीं. तहकूब ग्रामसभेस तोहि नको.

यावरून कोणी म्हणेल कीं, मग सर्वच ठिकाणीं एकूण यादीचा छेद धरावा. तसें केल्यास काय होतें तें दारूच्या दुकानाच्या मतदानांत दिसतें. गांवांतील परवानाधारक दुकान बंद व्हावें यासाठीं एक-चतुर्थांश महिला मतदारांनीं सह्यांचा अर्ज दिल्यास २००८ सालच्या आदेशाप्रमाणें गुप्त मतदान घेतां येतें. उभी बाटली म्हणजे दुकान राहूं द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. लिहितां-वाचतां न येणारी आजीहि हें ओळखते. ही खूण ज्यानें शोधून काढली त्याचें कौतुक वाटतें. पण अट अशी कीं, यादींतील एकूण महिला मतदारांपैकीं निम्म्याहून अधिक जणींनीं बाटली आडवी केली पाहिजे. समजा, यादींत हजार नांवें आहेत. मतदानास ५६० बाया आल्या. ४९० जणींनीं आडवी केली, ७० जणींनीं उभी. सात जणींस एक असें प्रमाण पडूनहि दुकान उघडेंच राहतें, कारण ५०१ झाल्या नाहींत.

आणि त्या न आलेल्या ४४० जणी कोण? मतदारयाद्यांचें काम मीं वर्षानुवर्षें केलें आहे, म्हणून सांगतों. त्यांत कांहीं देवाघरीं गेलेल्या, कांहीं लग्न होऊन सासरीं गेलेल्या मुली, ज्यांचें नांव सासरच्या यादींत चढलें पण माहेरच्या यादींतून उतरलें नाहीं. आणि सुरगाणा-पेठकडे पाहिलें तर द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडांत उतरलेल्या कितीतरी. या साऱ्या, मेलेल्या धरून, उभ्या बाटलीच्या बाजूनें मोजल्या जातात. ज्या बाईनें जन्मभर दारुड्याचा मार खाल्ला, तिचें मेल्यावरचें मत दुकानदाराला मिळतें. म्हणून मी म्हणतों कीं, एकूण यादीचा छेद धरावयाचा असेल तर आधीं यादी खरी असली पाहिजे. आमच्या सोसायट्यांच्या सभासद-नोंदवह्यांची स्थिति याहून बरी नाहीं. सातबाऱ्यावर आजोबा, सोसायटींत आजोबा, आणि आजोबांचें वर्षश्राद्ध होऊन वीस वर्षें झालीं! वारसनोंद करण्याचा आळस हा केवळ जमिनीच्या भानगडी वाढवितो असें नाहीं. तो सभेचा हिशेबहि बिघडवितो.

कांहीं गोष्टी मात्र मतांनीं मोजण्याच्या नसतातच. बागलाणांत मोसम नदीकांठीं जुनी फड पद्धत आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडांत सर्वांचें एकच पीक, पाटकरी व जागल्या सर्वांचे मिळून. ऊस कोणत्या फडांत व भुसार कोणत्या फडांत, हें सर्व शेतकरी एकत्र बसून ठरवितात. तेथें ५१ विरुद्ध ४९ चालत नाहीं. पराभूत झालेल्या एकानें मधल्या तुकड्यांत हट्टानें दुसरें पीक घेतलें तर साऱ्या फडाच्या पाळ्या बिघडतात. म्हणून तेथें सर्वांची मान हलेपर्यंत बोलणें चालतें, मग रात्र होवो. अलीकडच्या पाणीवापर संस्थांत ही गोष्ट निराळ्या रीतीनें साधली आहे. २००५ च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्यानें संचालक मंडळावर शीर्ष, मध्य व पुच्छ या तिन्ही भागांतून सारखेच संचालक घ्यावे लागतात. चारीच्या तोंडाशीं बसलेल्यांची संख्या किंवा वजन कितीहि असो, शेपटाकडच्या शेतकऱ्याची खुर्ची मंडळांत ठरलेली. वाघाड प्रकल्पावरील संस्थांचें नांव दूरवर झालें आहे, आणि पाण्याची गोष्ट निव्वळ हात मोजून सुटत नाहीं हें तिकडच्या शेतकऱ्यांस कोणी सांगावयास नको.

जमिनीच्या बाबतींत केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यानेंहि हेंच ओळखलें. खासगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर शेंकडा ८०, व सरकारी-खासगी भागीदारीच्या कामासाठीं शेंकडा ७० बाधित कुटुंबांची संमति आधीं लागते. छेद सभेस आलेल्यांचा धरलेला नाहीं, बाधित कुटुंबांचा धरला आहे. निव्वळ सरकारी कामास ही अट नाहीं, हें मात्र विसरूं नये.

मग आपल्या संस्थांनीं काय करावें? मला वाटतें, उत्तर आपल्या राज्यघटनेंतच आहे. घटना दुरुस्त करण्याविषयींच्या ३६८ व्या कलमांत एक चाळणी नसून दोन आहेत. प्रत्येक सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश तर हवेतच, शिवाय तीं मतें सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक असलीं पाहिजेत. लोकसभेंत ५४३ सदस्य असतां तीनशेंच मत देते झाले व त्यांतील दोनशें अनुकूल पडले, तर दोन-तृतीयांश झाले खरे. परंतु २७२ झाले नाहींत, म्हणून दुरुस्ती पडली. पहिली चाळणी आवड किती आहे तें पाहते. दुसरी, ती आवड मूठभरांची तर नाहीं ना, हें पाहते. धान्य जसें आपण एकदां मोठ्या व एकदां बारीक चाळणींतून काढतों, तसेंच हें आहे.

आमच्या सोसायटीस निम्म्याची अट झेपणार नाहीं, हें मी जाणतों. तशी घातली तर दहा वर्षांत एकहि ठराव होणार नाहीं आणि सचिव एकटाच राज्य करील. नेहमींच्या कामास, हिशेब मंजूर करण्यास, खत-बियाण्याच्या खरेदीस हजर असतील त्यांचें साधें बहुमत पुरे. शेतकऱ्याला दर गोष्टीसाठीं बाजार सोडून बोलावूं नये. परंतु एकदां केलें कीं परत फिरवितां येत नाहीं अशीं तीन कामें आहेत: संस्थेची जमीन वा इमारत विकणें, संस्था दुसरींत विलीन करणें व उपविधि बदलणें. यांस हजर असणाऱ्यांचे दोन-तृतीयांश आणि हयात सभासदांपैकीं निदान एक-चतुर्थांश, अशा दोन चाळण्या असाव्यात. व हे विषय अर्ध्या तासानें भरणाऱ्या तहकूब सभेंत घेऊं नयेत, निराळी नोटीस देऊन दुसऱ्या दिवशीं घ्यावेत. एक-चतुर्थांश हा आंकडा मीं अंदाजानें धरला आहे. कोणी एक-पंचमांश म्हटलें तर भांडणार नाहीं. निबंधकांची मंजुरी लागेल, कायद्याच्या चौकटींत शब्द बसवावे लागतील, तें काम जाणत्या वकिलाकडून करून घेतां येईल. सभा लग्नसराईंत किंवा छाटणीच्या दिवसांत ठेवूं नये, हें सांगण्यास वकीलहि नको.

एक आक्षेप मला आमच्याच भावकींतील एका तरुणानें घेतला. तो म्हणाला, "काका, जे येत नाहींत त्यांच्यासाठीं जे येतात त्यांचे हात कां बांधतां? येणाऱ्यानें ठरवावें, न येणाऱ्यानें सोसावें." बोलणें रोखठोक आहे व माझ्या गोदामाच्या बाबतींत तें मला लागूहि पडतें. पण सभेस न येणाऱ्यांत माझ्यासारखे आळशी थोडे. म्हातारी विधवा खातेदार, शिरवाडे-ओझरला रोजानें जाणारा अल्पभूधारक, दवाखान्यांत पडलेला सभासद, हे पुष्कळ. जमीन त्यांचीहि होती. त्या तरुणास मीं एवढेंच विचारलें कीं, उद्यां तुझी गैरहजेरी तुझ्या विरुद्ध मोजावी कीं तुझ्या बाजूनें, हें ठरविण्याचा अधिकार तूं नोटीस छापणाऱ्याला देशील काय? तो हंसला, पण हो म्हणाला नाहीं.

वार्षिक सभा सप्टेंबर अखेरपर्यंत घ्यावयाच्या असतात. उपविधींतील या दुरुस्तीचा विषय पत्रिकेवर घ्यावा असा अर्ज मी आमच्या सोसायटीस देणार आहें, आणि आपल्या संघानेंहि आपले नियम एकदां छेदाच्या दृष्टीनें वाचून पाहावे अशी विनंति आहे. तूर्त मीं आमच्या सभासद-नोंदवहीची नक्कल मागून घेतली व मयतांच्या नांवांवर शिसपेन्सिलीनें खूण करीत बसलों आहें. पहिल्या दोन पानांत अकरा निघाले. त्यांतील एक माझे थोरले चुलते आहेत.